पैसा लावणारा आणि पाठीशी उभा राहणारा

इंदापूर तालुक्यातल्या लोणी देवकरच्या उत्तरेला उजनी धरणाचा फुगवटा पसरलेला आहे. पाण्याच्या पलीकडे करमाळा तालुका आणि त्या तालुक्यात, पुणे-सोलापूर लोहमार्गावर, जेऊर. नागराज मंजुळे या गावचे. २९ एप्रिल २०१६ रोजी त्यांचा ‘सैराट’ प्रदर्शित झाला आणि सिनेमा ही केवळ मुंबई-पुण्याची मिरास राहिली नाही. नायिका अकलूजची, नायक करमाळा तालुक्यातला, पडद्यावर केळीच्या बागा, ऊस आणि आपल्या तोंडची भाषा. इंदापूर-करमाळ्याच्या पोरांना पहिल्यांदाच वाटलं, की हे आपल्यालाही जमण्यासारखं आहे.

पण जमण्यासारखं म्हणजे नेमकं काय? हिरो व्हावं, दिग्दर्शक व्हावं, गाणी लिहावीत, इथवर स्वप्न सरळ चालतं. निर्मात्याचं नाव निघालं, की आपल्या डोळ्यांपुढे थैली घेऊन बसलेला माणूस येतो. रस्त्याला किंवा एमआयडीसीला जमीन गेली, मोबदला आला, चार मित्रांनी गळ घातली, मुहूर्ताचा नारळ फुटला, झाला निर्माता. निर्मितीबद्दलचा हा समज भाबडा आहे आणि महागही. पैसा लावणारा माणूस सिनेमाला लागतोच. पण पैसा लावल्याने कुणी निर्माता होत नाही.

खरं तर हे आपल्या भागाला सिनेमाच्या आधीपासून ठाऊक असायला हवं, कारण इथे फडमालक होते. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात तमाशाच्या राहुट्या पडतात. गावोगावचे पंच जत्रेची तारीख घेऊन तिथे येतात, या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात, घासाघीस करतात आणि सुपारी ठरवतात. राहुटीत बसलेल्या मालकाने मात्र हंगाम सुरू होण्याआधीच कलाकारांना उचल दिलेली असते. ट्रक, तंबू, रोजचं जेवण, नाचणारीचं आजारपण, ढोलकीवाल्याच्या घरचं लग्न, सगळं त्याच्या खात्यावर. अवकाळी आला तर जत्रा बुडते, पण उचल परत मिळत नाही. आणि वगात कुणाला उभं करायचं, हेही तोच ठरवतो. निर्मात्याच्या कामाचे तिन्ही भाग इथे एकत्र दिसतात: माणसं पारखायची, त्यांच्यावर पुरावा मिळण्याआधी विश्वास टाकायचा आणि तोटा आपल्या अंगावर घ्यायचा.

दादासाहेब फाळके हे आपल्याकडचे पहिले मोठे चित्रपटनिर्माते. विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ साली लंडनला गेले, कॅमेरा घेऊन आले. आता पुढच्या भांडवलासाठी सावकाराला काय दाखवायचं? सिनेमा काय असतो हे ज्याला माहीत नाही, त्याच्याकडे त्यासाठी पैसे मागायचे होते. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि त्याच्यापुढे कॅमेरा ठेवून रोज थोडं थोडं चित्रण केलं. कोंब फुटतो, वेल वर चढतो, सगळं मिनिटाभरात. ‘अंकुराची वाढ’ हा तो छोटा चित्रपट पाहून पैसे मिळाले, पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. सरस्वतीबाई दिवसा चित्रपटाच्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक करत, रात्री फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत हात लावत. श्रेयनामावलीची पद्धत तेव्हा रुळली असती, तर निर्मितीच्या पाटीवर त्यांचंही नाव हवं होतं.

याच फाळक्यांना पुढे भांडवलदार भागीदार मिळाले. १९१८ साली नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली. भागीदारांना हिशेब हवा होता, वेळापत्रक हवं होतं. फाळक्यांना आपल्या कामात कुणाचा हात नको होता. खटके उडाले, फाळके सगळं सोडून काशीला गेले, नाटक लिहिलं, मग परत आले. यात भागीदारांना खलनायक ठरवणं सोपं आहे. पण त्यांचंही म्हणणं वावगं नव्हतं. पैशाला शिस्त लागते आणि कलेला मोकळीक लागते. या दोघांच्या मध्ये उभं राहून दोघांच्याही शिव्या खाणारा तिसरा माणूस त्या कंपनीत नव्हता.

हॉलिवूडने हा तिसरा माणूस घडवला. आयर्विंग थॅलबर्ग हे त्याचं ठळक उदाहरण. १८९९ साली ब्रुकलिनमध्ये जन्म, लहानपणापासून हृदयाचं दुखणं, डॉक्टरांच्या मते तिशी गाठणं कठीण. युनिव्हर्सल कंपनीत साधा सेक्रेटरी म्हणून लागलेला हा मुलगा विशीत तिथल्या स्टुडिओचा कारभार पाहू लागला आणि १९२४ पासून एमजीएममध्ये निर्मितीप्रमुख झाला. पैसा कंपनीचा होता, निर्णय त्याचे. पटकथेवर तो लेखकांना पुन्हा पुन्हा बसवायचा. चित्रपट तयार झाला, की एखाद्या उपनगरातल्या थिएटरात साध्या प्रेक्षकांना आधी दाखवायचा. लोक जिथे चुळबुळले तो भाग नव्याने चित्रित करायला लावायचा. खर्च वाढला तरी चालेल. त्याची दुसरी बाजूही होती: एरिक फॉन स्ट्रोहाइमसारख्या मातब्बर दिग्दर्शकाला त्याने चालू चित्रपटावरून काढून टाकलं. हुकूमत मोठी, पण पडद्यावर नाव कधी येऊ दिलं नाही. १९३६ साली सदतिसाव्या वर्षी तो गेला, त्यानंतर आलेल्या ‘द गुड अर्थ’ या शेतकऱ्यावरच्या चित्रपटात त्याचं नाव प्रथम झळकलं, तेही अर्पणपत्रिकेत. आजही ऑस्करमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाची बाहुली दिग्दर्शकाला नव्हे, निर्मात्यांना मिळते. त्यामागे निर्मात्याच्या कामाची ही जाण आहे.

गंमत अशी, की एमजीएमचं ते आवार आज सोनीचं आहे आणि ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला तो तिथेच. गावाकडची गोष्ट, नवे चेहरे, आणि ध्वनी मात्र जगातल्या उत्तम स्टुडिओतला. खर्च कुठे वाचवायचा आणि कुठे हात आखडायचा नाही, याचा हा निर्णय निर्मितीचा आहे. मंजुळ्यांची ‘आटपाट’ ही संस्था झी स्टुडिओजबरोबर या चित्रपटाच्या निर्मितीत होती. पुढे त्याच्या कन्नड, पंजाबी, उडिया, बंगाली आवृत्त्या निघाल्या, हिंदीत करण जोहरच्या संस्थेने ‘धडक’ केला.

मला मात्र मंजुळ्यांच्या कारकिर्दीतली त्यानंतरची गोष्ट जास्त मोलाची वाटते. एवढ्या यशानंतर बाजाराला आणखी एक ‘सैराट’ हवा होता. २०१८ साली त्यांच्या निर्मितीतून आला ‘नाळ’, एका लहान मुलाच्या मनातली घालमेल सांगणारा. दिग्दर्शक सुधाकर रेड्डी यक्कंटी, म्हणजे ‘सैराट’चे छायालेखक, दिग्दर्शनात नवखे आणि मातृभाषेने तेलुगू. या चित्रपटाला पदार्पणातल्या दिग्दर्शकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्यातल्या श्रीनिवास पोकळेला बालकलाकाराचा. २०२३ मध्ये ‘घर बंदूक बिरयाणी’चं दिग्दर्शन हेमंत आवताडे यांच्या हाती दिलं. सगळेच प्रयत्न सारखे चालतात असं नाही, चालणारही नाहीत. पण आपल्या यशाची उचल दुसऱ्याला देणं, हे जुन्या फडमालकाचं धोरण इथे दिसतं.

‘सैराट’च्या आधी ‘फँड्री’ होता आणि ‘फँड्री’च्या आधी राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा ‘पिस्तुल्या’ हा लघुपट. थेट मोठ्या चित्रपटावर उडी मारणाऱ्या गावाकडच्या नव्या निर्मात्याने हा क्रम नीट पाहावा. फाळक्यांनीही आधी वाटाणाच दाखवला होता. लोणी देवकर-इंदापूर पट्ट्यात आज ज्याच्या हाती चार पैसे आहेत, त्याने एकर विकण्याआधी एखाद्या लिहिणाऱ्या पोराला वर्षभर घरखर्चाची काळजी पडू देऊ नये, त्याच्याकडून पटकथा तीनदा लिहून घ्यावी, एक लघुपट काढावा आणि तो गावच्या चौकात दाखवून लोक कुठे उठून जातात ते पाहावं. त्यात फार तर एका हंगामाच्या उसाचे पैसे जातील. पोस्टरवर आपला फोटो हवा, ही हौस असेल तर तिच्यासाठी वाढदिवसाचे फ्लेक्स आहेतच आणि ते स्वस्तही पडतात. दुसऱ्याच्या नावाने वाजलेली टाळी ऐकून ज्याला समाधानाने झोप लागते, त्यानेच निर्मितीत यावं.