खारपाणपट्ट्याचे मोजमाप

अकोल्याच्या उत्तरेला दहीहंडा नावाचे गाव आहे. मेडलिकॉट आणि ब्लॅनफर्ड यांनी १८७९ साली भारताच्या भूरचनेवर जो जाडजूड सरकारी ग्रंथ काढला, त्यात या गावाचे नाव येते ते मिठापायी. दहीहंड्यापासून अमरावतीच्या अलीकडे आठ-दहा मैलांपर्यंत, पूर्णेच्या दोन्ही अंगांना, लोक पूर्वी विहिरी खणत, पण त्या तहान भागवण्यासाठी नव्हेत. सर्वांत खोल विहिरी एकशे वीस फुटांच्या घरातल्या. खालचे खारे पाणी वर काढायचे, आटवायचे आणि मागे उरेल ते मीठ गोळा करायचे. कोकणातल्या मिठागरांपासून शेकडो मैल दूर, वऱ्हाडच्या काळ्या रानात हा धंदा चालत होता. पाणी जितके खारे तितकी विहीर मालकाला प्यारी. तीच विहीर आज कोणाला फुकटही नको असेल.

पूर्णा ही तापीची उपनदी. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून ती पश्चिमेकडे जाते. उत्तरेला गाविलगडचे डोंगर, दक्षिणेला अजिंठ्याची रांग आणि मध्ये नदीने भरून काढलेले गाळाचे खोरे. महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भाग बेसाल्टचा. खडकाच्या भेगांत आणि मुरमात साठेल तेवढेच भूजल, ही आपली सवय. पूर्णेकाठी सगळे उलटे आहे: गाळ खोल, पाणी आहे, आणि ते पिता येत नाही. म्हणून हा खारपाणपट्टा. चिखलदऱ्याकडचा पाऊस डोंगराच्या पायथ्याला दगडगोट्यांतून जमिनीत शिरतो तेव्हा गोड असतो. तिथल्या पाण्यावर अचलपूर-अंजनगावकडे संत्र्याच्या बागा आणि पानमळे उभे राहिले. अंजनगावाहून दर्यापूर एसटीने तासाभराच्या वाटेवर. तेवढ्यात विहिरींची चव पालटते.

इथे कधीकाळी समुद्र होता, असे गावोगाव सांगतात. समजूत अगदीच अडाणी नाही. मीठ दिसले की समुद्र आठवणारच. पण हा गाळ नदीने आणलेला आहे आणि पाणी खारे व्हायला समुद्र लागतोच असे नाही. जमिनीखालचे पाणी सावकाश सरकत असेल, चिकणमाती त्याला वाट देत नसेल आणि वर अकोल्याचे मे महिन्याचे ऊन असेल, तर पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. एका उन्हाळ्यात ते कळत नाही, हजारो उन्हाळ्यांत कळते.

खरी गंमत मात्र मातीत आहे. नागपूरला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरो ही संस्था आहे. तिथल्या डी. के. पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पूर्णाखोऱ्यातल्या काळ्या मातीवर जे काम केले, ते मला या सगळ्या विषयातले सर्वांत देखणे अनुमान वाटते. हवामान कोरडे होत गेले तसतसे मातीतल्या पाण्यातले कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने बाहेर पडले. सोडियम विरघळलेलेच राहिले. नवे सोडियम कुठून आले नसतानाही त्याचे वर्चस्व वाढले, कारण त्याला तोलून धरणारा जोडीदार निघून गेला. नांगराच्या फाळाला लागणारे पांढरे खडे म्हणजे ते निघून गेलेले कॅल्शियम. कॅल्शियम मातीचे कण एकमेकांजवळ धरून ठेवते, सोडियम त्यांना सुटे करते. मग कण फुगतात, विखुरतात, पाणी झिरपायच्या बारीक वाटा बुजतात. शेतकरी त्या जमिनीला चोपण म्हणतो. बेसाल्टमधले झिओलाइट हे खनिज जिथे मातीत उतरले आहे, तिथे ते थोडेथोडे कॅल्शियम सोडून निचरा टिकवते, हेही अशाच अभ्यासांतून पुढे आले. पुण्याभोवतीच्या खाणींतले झिओलाइटचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत काचेआड मांडलेले असतात. त्यांचे हे शेतकी काम तिथल्या पाटीवर सहसा लिहिलेले नसते.

आता आकड्याकडे येऊ. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड इथल्या क्षारता प्रयोगशाळेने १९५४ साली एल. ए. रिचर्ड्स यांच्या संपादनाखाली एक हस्तपुस्तिका काढली. मातीच्या कणांना चिकटलेल्या धन आयनांत सोडियमचा वाटा १५ टक्क्यांवर गेला की जमीन बिघडली असे मानावे, ही रेघ तिथली. ओलिताच्या पाण्याचे खारेपणावरून सी-१ ते सी-४ आणि सोडियमवरून एस-१ ते एस-४ हे वर्गही तिथलेच. आपल्या विद्यापीठांतल्या प्रबंधांत ते अजून भक्तिभावाने भरले जातात. पूर्णाखोऱ्यात मात्र मोजणाऱ्यांना दिसले की हा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास असतानाच निचरा ढासळतो, कारण इथली माती फुगणाऱ्या चिकणमातीने ठासून भरलेली आहे. म्हणजे पंधराच्या रेघेवर विसंबून ज्या शेताला ‘ठीक’ असा शेरा मिळाला असता, त्या शेतात कपाशीच्या मुळांपर्यंत पाणी पोचत नव्हते. शेतकऱ्याला ते दिसत होते, अहवालाला दिसत नव्हते.

प्रादेशिक अभ्यासाला दुय्यम समजण्याची आपल्याकडे रीत आहे. मोठा सिद्धांत दुसरीकडे तयार व्हायचा आणि आपण तो आपल्या तालुक्याला लावून पाहायचा. पुष्कळ प्रबंध खरोखर असेच असतात: विहिरींचे नमुने, पाण्यातल्या क्षारांची पायपर आकृती, चार निष्कर्ष, पाच शिफारशी. पण कधीतरी तालुकाच सिद्धांताला दुरुस्त करतो. त्यासाठी कोणीतरी एकाच जागी वर्षानुवर्षे खड्डे खणत बसावे लागते. अशा माणसाला बढती उशिरा मिळते, अशी माझी शंका आहे.

पूर्णाखोऱ्याच्या मातीत आणखी एक पेच आहे. सोडियमने सुटी झालेली माती खाऱ्या पाण्यात बऱ्यापैकी एकत्र राहते आणि गोड पाण्यात विस्कटते. क्वर्क आणि स्कोफिल्ड यांनी १९५५ सालीच हे मांडले होते: पाण्यातले क्षार एका मर्यादेखाली गेले की मातीतून पाणी झिरपणे मंदावते. म्हणजे मृगाचा पाऊस, ज्यात क्षार जवळजवळ नसतातच, तोच या जमिनीचे तोंड मिटवतो. पहिल्या सरी भेगांतून खोल जातात. नंतरचे पाणी वर तुंबते आणि पेरलेले पिवळे पडते. विहिरीचे पाणी द्यावे तर सोडियम वाढते, आभाळाचे द्यावे तर माती विस्कटते. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ जिप्सम टाकायला सांगते ते या पेचातून सुटण्यासाठी. त्यातून कॅल्शियम परत मिळते. पाणी चांगले की वाईट हा प्रश्न इथे नुसत्या पाण्याला विचारून भागत नाही. ते कोणत्या जमिनीवर पडणार, हे आधी विचारावे लागते.

हे स्वयंपाकघरातही खरे आहे. डाळ शिजते का आणि साबणाला फेस येतो का, या बायकांच्या जुन्या कसोट्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियम अचूक ओळखतात. खारेपणा जिभेला कळतो. पण ज्या पाण्यात सोडियम बायकार्बोनेट जास्त, त्यात डाळ उलट सोडा घातल्यासारखी झटपट शिजते, आणि तेच पाणी काळ्या जमिनीला फार घातक. चूल ज्याला पास करते त्याला शेत नापास करते. नायट्रेट आणि फ्लोराइड तर चुलीला कळत नाहीत, जिभेला नाहीत आणि शेतालाही नाहीत. यवतमाळ-चंद्रपूरकडे फ्लोराइडचे पाणी बिनतक्रार प्यायले जाते; त्याची साक्ष मुलांच्या दातांवर काही वर्षांनी उमटते.

आता पुष्कळ घरी टीडीएस मीटर आला आहे. ती पेनासारखी कांडी क्षार मोजत नाही. ती पाण्यातून वीज किती वाहते ते मोजते आणि एका ठरावीक गुणकाने त्याचा आकडा करून दाखवते. क्षार कोणता, याबद्दल ती मुकी असते. आरओ विकणारा याच्या पुढे जाऊन पाण्यात लोखंडी सळ्या सोडून वीज देतो आणि नळाचे पाणी तपकिरी करून दाखवतो. तो गंज सळ्यांचा असतो. आरओच्या पाण्यात वीज वाहून नेणारे क्षारच नसल्याने ते स्वच्छ राहते, आणि गिऱ्हाईक घाबरून सही करते.

प्रयोगशाळेचा अहवालही वाटतो तितका निर्विकार नसतो. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक म्हणजे आयएस १०५००. त्यात बहुतेक घटकांपुढे दोन रकाने आहेत. पहिला स्वीकारार्ह मर्यादेचा, दुसरा पर्यायी स्रोत नसल्यास चालवून घ्यायच्या मर्यादेचा. विरघळलेले एकूण क्षार पहिल्यात लिटरला ५०० मिलिग्रॅम, दुसऱ्यात २०००. क्लोराइड २५० आणि १०००. फ्लोराइड १ आणि १.५. नायट्रेट ४५, आणि तिथे सवलत नाही. या दुसऱ्या रकान्याकडे पाहत मी पुष्कळदा थांबतो. शरीर एकच, मूत्रपिंडे दोनच, पण धरणाची नळवाहिनी गावात आली असेल तर मर्यादा ५००, आली नसेल तर २०००. हे लबाडीने केलेले नाही. दुसरा रकाना नसता तर खारपाणपट्ट्यातल्या बहुतेक विहिरींवर लाल फुली पडली असती आणि लोकांनी पाणी तिथलेच प्यायले असते. तरीही रसायनशास्त्राच्या तक्त्यात पाणीपुरवठा खात्याची अडचण इतक्या शांतपणे बसलेली पाहिली की विज्ञान आणि प्रशासन यांच्यामधली भिंत किती पातळ आहे ते कळते.

संग्रामपूर, जळगाव जामोद भागात मूत्रपिंडाच्या विकारांबद्दल बोलले जाते, आणि गावकरी विहिरीकडे बोट दाखवतात. ते सिद्ध करणे अवघड आहे. आजार झालेल्या माणसाने वीस वर्षांपूर्वी कुठले पाणी प्यायले याची नोंद नाही. मधल्या काळात वाण धरणाचे पाणी नळाने आले, कुठे जार आले. शिवाय उन्हातली मजुरी, फवारणीची औषधे, अंगदुखीच्या गोळ्या, हेही सगळे त्याच शरीरात गेलेले. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर असे वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. त्यामुळे पाणी किती खाली गेले याचे वहीखाते पिढीभराचे आहे. पाणी कसे होते याचे तितके सलग नाही. त्यातही एक खोड आहे. नमुना घेणारा साहजिकच वापरातल्या विहिरीवर जातो. सर्वांत वाईट विहीर लोक आधी सोडून देतात, तिच्यात काटेरी झुडपे पडतात आणि ती यादीतून गळते. पाणी तसेच राहिले तरी सरासरी सुधारते.

या सगळ्यात शेतकऱ्यांनी विहिरींचा नाद सोडून शेततळ्यांकडे वळावे, यात नवल नाही. जागतिक बँकेच्या मदतीने २०१८ साली सुरू झालेल्या कृषी संजीवनी प्रकल्पात पूर्णाखोऱ्यातली ९३२ खारपाणाची गावे धरली होती. इतरत्र शेततळ्याला प्लास्टिकचे अस्तर घालावे लागते. इथे बहुतेकदा लागत नाही, कारण ज्या मातीने पाणी खाली जाऊ दिले नाही म्हणून कपाशी मेली, तीच माती तळ्याचा तळ म्हणून उत्तम. सप्टेंबरात पावसाने ओढ दिली की त्यातून तुरीला, कपाशीला एखादे पाणी मिळते, हरभऱ्याच्या पेरणीला ओल मिळते, आणि ते पाणी आभाळाचे असते. उन्हाळ्यात मात्र तळे आटते, आणि आटणाऱ्या पाण्यातले थोडेसे क्षार तळाशी राहतात. दहीहंड्याचे मीठवाले हेच मुद्दाम करत होते. दहा-पंधरा पावसाळ्यांनंतर त्या गाळात किती क्षार साठतात, आणि तो उपसून बांधावर टाकला तर पुढच्या पावसात ते कुठे जातात, हे तळ्यागणिक मोजावे लागेल. शेततळ्याच्या अर्जांत खोदाईची लांबी, रुंदी, खोली विचारणारे रकाने मी पाहिले आहेत. गाळाच्या नमुन्याचा रकाना माझ्या पाहण्यात नाही.