विद्यार्थी ग्राहक नव्हे

कारखान्यातली गुणवत्तेची तत्त्वं कॉलेजात आणायची, तर आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं: या व्यवस्थेत विद्यार्थी कोण? कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या तयारीतल्या कार्यशाळांमधून मी ‘विद्यार्थी हा ग्राहक’ असं ऐकत आलो आहे. मला ते पटत नाही. ग्राहकाला काय हवं ते दुकानात शिरण्यापूर्वीच माहीत असतं. विद्यार्थ्याला काय हवं हे शिकता शिकताच उमगतं. तो उत्पादनही नव्हे. त्याने मनावर घेतल्याशिवाय त्याला कुणी घडवू शकत नाही.

मी बी.एस्सी.ला संख्याशास्त्र शिकवतो. संख्याशास्त्रज्ञ शूहार्ट यांनी १९२४ मध्ये मांडलेला, उत्पादनातले चढउतार तपासणारा कंट्रोल चार्ट दरवर्षी फळ्यावर काढतो. त्यांचाच विचार पुढे नेत एडवर्ड्स डेमिंग यांनी १९५० मध्ये जपानी उद्योजकांना गुणवत्तेचे धडे दिले. डेमिंग स्वतः न्यूयॉर्क विद्यापीठात अनेक वर्षं शिकवत होते. व्यवस्थापकांसाठी त्यांनी सांगितलेल्या चौदा सूत्रांत मला उत्तर सापडतं: विद्यार्थी हा काम करणारा माणूस आहे. शिकण्याचं काम त्याचं. ते नीट होईल अशी व्यवस्था उभी करणं माझं.

असं मानलं की डेमिंग यांची सूत्रं वर्गात जिवंत होतात. भीती घालवा, असं ते सांगतात. मराठी माध्यमातून आलेली मुलगी इंग्रजी चुकेल म्हणून शंका विचारत नाही, ती हीच भीती. शेवटच्या तपासणीवर विसंबू नका, असंही ते सांगतात. सत्रपरीक्षा ही शेवटचीच तपासणी. म्हणून मी तासाच्या अखेरीस बिननावाच्या चिठ्ठ्या घेतो: आज काय कळलं नाही? बहुतेकांनी ‘स्टँडर्ड एरर’ लिहिलं, तर दोष मुलांचा नसतो, माझ्या मांडणीचा असतो. दुसऱ्या दिवशी मुलांनाच पेटीतून पुन्हा पुन्हा नमुने काढायला लावतो, सरासऱ्या फळ्यावर मांडतो. मग स्टँडर्ड एररच्या सूत्राचा अर्थ लागतो. एखाद्यालाच अडलं असेल, तर मात्र त्याच्याशेजारी बसावं लागतं. व्यवस्थेतच असलेलं सार्वत्रिक कारण आणि एखाद्यापुरतं विशेष कारण यांतला हा भेद शिक्षकाला न्यायाने वागायला शिकवतो.

नापासाचा शिक्का मारण्यापूर्वी व्यवस्थेची झडती घेणं हे शिक्षकाचं नैतिक कर्तव्य आहे. प्राध्यापक मित्रांनो, नॅकचे अहवाल भराच. पण वर्गात निर्भयपणे किती प्रश्न विचारले जातात, हे आधी पाहा.