त्रफिम मिलेतात आजारी राहिला

पौलाने तीमथ्यास लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात, निरोप व नमस्कार चालले असता, एक लहानसा मजकूर येतो. त्रफिम नावाचा आपला सोबती आजारी पडला, म्हणून त्यास मिलेत गावी ठेवून आपण पुढे निघालो, एवढेच पौल कळवितो. आता हा त्रफिम कोण? तो इफिसकर. आणि इफिसातच पौलाच्या अंगावरची वस्त्रे रोग्यांस लावली असता ते बरे होत, असे प्रेषितांची कृत्ये 19 यात सांगितले आहे. गावचे लोक बरे झाले. पौलाबरोबर हिंडलेला त्रफिम मात्र परक्या गावी अंथरुणावर राहिला. पौल त्यास दोष देत नाही. त्याचा विश्वास उणा पडला, असे एक अक्षरही लिहीत नाही.

हा मजकूर आम्हांस फार उशिरा दिसला, आणि तो उशीर एका मनुष्यास भोवला.

गंगाखेड तालुक्यातील एका वाडीत आमचा एक बंधू आहे. ऊसतोडीस जाणारा, कष्टाळू. त्यास क्षय झाला. सरकारी दवाखान्यातून सहा महिन्यांच्या गोळ्या मिळाल्या, आणि दोन महिन्यांत ताप उतरला, खोकला थांबला, अंग भरू लागले. इतक्यात कोठे एका सभेत त्याने ऐकले की, ज्याचा विश्वास खरा त्यास औषधाची गरज नाही. त्याने आम्हांस वाटेत गाठून विचारले, “पाळकसाहेब, गोळ्या खाणे म्हणजे अविश्वास काय?” आम्ही घाईत होतो. गाडीवरून खालीही न उतरता आम्ही म्हणालो, “विश्वास धरा, देव पाहून घेईल.” त्याने गोळ्या सोडल्या. काही महिन्यांनी रक्त पडले. मध्येच औषध सोडले म्हणजे रोगाचे जंतू त्या औषधास जुमानीनासे होतात, तेच येथे झाले. आताची औषधे अधिक जड आहेत. मळमळते, पायांस मुंग्या येतात.

वाडीतले जुने नातलग म्हणतात, कुळाचे देव सोडले त्याचे हे फळ. मंडळीतले काही कुजबुजतात, गुप्त पाप असेल. दोहोंचा आवाज एकच आहे. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने भुईवर बसले, तोवर ते खरे सांत्वन करणारे होते. तोंड उघडले आणि सर्व बिघडविले.

त्याच अध्यायात आणखी एक गोष्ट आहे. सर्व सोडून गेले, केवळ लूक जवळ आहे, असे पौल सांगतो. लूक वैद्य होता, हे कलस्सैकरांस पत्र 4 यात आहे. अर्थात पौलाच्या शेवटच्या दिवसांत देवाने त्याच्याजवळ वैद्य ठेविला. आणि तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर तर पौलच घरगुती उपाय सुचवितो. प्रार्थना कमी पडली असे म्हणत नाही.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण पाहा. पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडास गेल्या, त्या वैद्यकी शिकण्याच्या इच्छेने. परंतु कान मंद असल्यामुळे ती वाट बंद झाली. पुढे 1905 साली केडगावच्या मुक्ति सदनात मोठे आत्मिक जागरण झाले, मुली रात्रंदिवस प्रार्थना करीत. रमाबाईंचे कान मात्र तसेच राहिले. 1921 साली एकुलती एक कन्या मनोरमा गेली. तरी साध्या मराठीत पवित्र शास्त्र उतरविण्याचे काम त्यांनी शेवटास नेले, आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या प्रभूमध्ये निजल्या. त्यांचा विश्वास उणा होता असे म्हणण्याची कोणाची छाती आहे?

गेल्या महिन्यात आम्ही त्या बंधूकडे गेलो व आपली चूक त्याच्यापुढे कबूल केली. मग त्रफिमाचे वचन वाचले. त्याने ते पुन्हा वाचावयास सांगितले. “मग तो पुढे बरा झाला काय?” आम्ही म्हणालो, शास्त्र ते सांगत नाही. तो बराच वेळ आढ्याकडे पाहत राहिला. नंतर म्हणाला, “पण पौलाने त्याचे नाव लिहून ठेविले.” आणि कारभारणीस हाक मारून गोळ्या मागितल्या.

उपदेशक बंधूंनो, रोग्याच्या घरी लांब प्रार्थना नको. गोळी घेतली की नाही ते विचारा, पाण्याची घागर भरून द्या. क्षयरोग्यांस पोषणासाठी सरकारकडून दरमहा 500 रुपये मिळत, ते नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. बँकेच्या खात्याचे काम अडले असेल तर बरोबर जा. रोगी रडला, देवाशी भांडला, तर त्यास गप्प करू नका. स्तोत्र 88 अंधारातच संपते, आणि तेही आपल्या शास्त्रात आहे.

येत्या रविवारची उपासना त्या बंधूच्या अंगणात, लिंबाखाली, सकाळी आठ वाजता होईल. घरात दाटी करू नये. बाहेर वाऱ्यावर बसावे. तो बाजेवर असेल. सतरंज्या ज्याने त्याने आणाव्या.