एकाच व्हॉल्व्हवर केळी आणि डाळिंब

दीड एकर केळी आणि एक एकर डाळिंब एकाच व्हॉल्व्हवर जोडताना तुझ्या मनात एकदाही शंका आली नाही? मोटार सुरू केली की दोन्हीकडे पाणी, बंद केली की दोन्हीकडे बंद. आणि आता मला विचारतोस, "सर, डाळिंबाची झाडं उभ्या उभ्या वाळायला लागलीत, काय फवारू?" काहीही फवारू नकोस. आधी ऐकून घे.

परवा तुझ्या रानात गेलो होतो. डाळिंबाच्या तिसऱ्या ओळीत बसून एका झाडाखालची माती उकरली. ड्रीपर थेट बुंध्याला टेकलेला, साल भिजून काळी पडलेली. वीतभर खालची माती मुठीत दाबली तर तिचा गोळा झाला आणि बोटांना चिखल लागला. एक मुळी ओढली तर साल सुटून हातात आली, आतला दोरा तेवढा जमिनीत राहिला. खोडावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि बुडाशी बारीक भुसा. वाळलेली फांदी आडवी कापली, तर आतल्या लाकडात करडा-तपकिरी डाग. हा मर रोग आहे, आणि त्याच्या जोडीला खोडाला भोकं पाडणारा किडा. हे एका रात्रीत होत नाही. तू रोज रानात जातोस, पण बांधावरून जातोस. झाडापाशी कधी बसला होतास, सांग.

जमिनीचा मुद्दा तर त्याहून वाईट. तुझं रान उताराचं. वरचा तुकडा मुरमाड, खालचा कालव्याच्या पाण्यावर पोसलेला, काळा आणि खोल. केळी वर लावलीस आणि डाळिंब खाली. का, तर खालचा तुकडा रस्त्याला लागून आहे, व्यापाऱ्याची गाडी थेट आत येते! अरे, गाडी वर्षातून चार दिवस येते. मुळं तीनशे पासष्ट दिवस तिथंच असतात.

दोन्ही पिकं उष्ण हवेची, एवढं एक साम्य धरून तू दोघांना एका दावणीला बांधलंस. डाळिंब मूळचं इराणच्या बाजूचं. उन्हाळा कोरडा, हवा कोरडी, जमीन निचऱ्याची, हे त्याचं माहेर. म्हणून तर 500-550 मिलिमीटर पावसाच्या आपल्या सोलापूर जिल्ह्यात ते रमलं. केळी आली आग्नेय आशियाच्या दमट, पावसाळी रानांतून. तिला ऊन चालतं, पण पायाशी ओल हवी. आपल्या मे महिन्यात वाढीला लागलेल्या एका केळीला दिवसाला 20-25 लिटर पाणी लागतं. तिची बहुतेक मुळं वरच्या हातभर थरात. वरचा थर सुकला की तिला खाली दुसरा आधार नाही.

नववीत शिकवलेलं एकदल-द्विदल आठवून डाळिंबाला सोटमूळ असेल, ते खोल जाईल, अशा भ्रमात असशील तर तोही सोड. तुझी रोपं गुटीची. गुटी कलमाला सोटमूळ नसतं. त्याचीही मुळं वरच्याच थरात पसरतात आणि त्यांना हवा लागते. काळ्या जमिनीत रोज पाणी म्हणजे त्या मुळांचा श्वास रोज कोंडणं.

आता ताणाचं बोलू. डाळिंबाला उपाशी राहता येतं, एवढंच नाही. फळ हवं असेल तर त्याला उपाशी ठेवावं लागतं. पाणी तोडायचं, हलक्या जमिनीत महिनाभर, भारी जमिनीत त्याहून जास्त. पानं पिवळी पडून गळतात, मग छाटणी, खत आणि मग पहिलं पाणी. त्या पाण्यावर कळी निघते. मृग, हस्त, आंबे, कुठलाही बहार धर, रीत हीच. केळीच्या आयुष्यात असा एकही दिवस नसतो ज्या दिवशी तिला तहानलेली ठेवून फायदा होतो. केळीचं खोड म्हणून आपण जे बघतो ते पानांच्या बुडाच्या आवरणांचे एकावर एक वळसे. खरं खोड म्हणजे कंद, तो जमिनीत असतो. घड बाहेर दिसण्याच्या कितीतरी आधी आत पोटात फण्या किती हे ठरून गेलेलं असतं. त्या दिवसांत पाणी कमी पडलं तर नंतर टँकर लावलेस तरी गेलेली फणी परत येत नाही.

आणि तू काय केलंस? एप्रिलमध्ये मृग बहाराचा ताण द्यायचा म्हणून व्हॉल्व्ह बंद केलास. चार दिवसांत केळीची पानं दुपारी मिटायला लागली, म्हणून घाबरून निम्मं पाणी सोडलंस. महिनाभर निम्मं-निम्मं. डाळिंबाला ताण बसला नाही आणि केळीची तहान भागली नाही. जूनमध्ये डाळिंबाला पालाच पाला, कळी मोजकी. वर मुरमाडात केळीचे बुंधे मनगटाएवढे. हे दैवाचं काम नाही, तुझं आहे.

शिवाय मृगच का? माउलींची पालखी आपल्या वेळापुरात मुक्कामाला येते ते दिवस ढगाळ, दमट. डाळिंबाच्या तेल्या रोगाला तीच हवा मानवते. तो पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर झाडाझाडावर जातो. शेजाऱ्याने मृग धरला म्हणून तूही धरलास, तेही रोपांना दोन वर्षं पुरी व्हायच्या आत. पोरवयाच्या झाडावर फळाचा भार टाकताना तुला काही वाटलं नाही?

काळजी कशी घ्यायची हे तू कुणाला विचारलंस? कंदरची केळी परदेशात जाते, सांगोल्याचं डाळिंब गाजलं, हे ऐकून दोन्ही लावलंस. त्याच सांगोल्याकडे 2020 नंतरच्या ओल्या वर्षांत बागाच्या बागा मर आणि खोडकिड्याने उपटाव्या लागल्या, ते मात्र तुझ्या कानावर आलं नाही. सोलापूर डाळिंबाला आणि जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते त्या त्या मातीतल्या माणसांच्या राबण्याला मिळालं आहे, नुसतं रोप आणून लावणाऱ्याला नाही. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र 2005 पासून सोलापुरात, केगावला आहे. वेळापूरहून दोन-अडीच तासांचा रस्ता. तू तिथं एकदाही गेला नाहीस. दुकानात गेलास आणि मिळेल ती बाटली घेऊन आलास. वडिलांनी ऊस मोडून, कर्ज काढून तुझ्या हातात हे रान दिलं. त्यांनी तुझ्यावर भरवसा टाकला आणि तू तो दुकानाच्या काउंटरवर ठेवलास. मला राग याचा आहे.

तू ढ नव्हतास. वर्गात प्रश्न विचारणारा मुलगा होतास, म्हणून इतकं बोलतोय.

आता काय करायचं ते सांगतो. डाळिंबाचं पाणी आजच तोड. त्याची लाईन वेगळी कर, वेगळा व्हॉल्व्ह बसव. दोन नळ्या टाक, ड्रीपर बुंध्यापासून लांब, झाडाच्या घेराच्या कडेला घे. ओळींमध्ये चर काढ, साचलेलं पाणी बाहेर जाऊ दे. मेलेली झाडं मुळासकट काढून तिथंच जाळ, बागेतून ओढत नेऊ नकोस. बुडाचे पाणसोट काढ, पण एका झाडाची कात्री तशीच दुसऱ्याला लावायची नाही. दर वेळी सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवायची. यंदा बहार विसर. जी झाडं वाचतील त्यांना आधी उभं राहू दे.

केळीकडे बघ. बाजूची पिल्लं वाढू दिलीस, ती मायझाडाचं खाणं खातात. विळ्याने कापत राहा. तुझ्या बांधाला ऊसतोडीनंतर पाचट पेटवतात, ते मागून आण आणि केळीच्या ओळीत जाड पसर, मुरमात ओल टिकेल. पश्चिमेच्या अंगाला शेवरी लाव, उन्हाळी वाऱ्याने पानांच्या चिंध्या झाल्यात. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा गारठा वाढला की तिची वाढ थबकते. डाळिंबाला त्याचं काही वाटत नाही. तेव्हाही दोघांना एकच डोस देऊ नकोस.

दोन्ही तुकड्यांत कंबरभर खड्डे घे. माती किती खोल, चुनखडी कुठं लागते, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ. दोन्ही ठिकाणची माती वेगवेगळ्या पिशव्यांत भर. त्या आणि मेलेल्या झाडाच्या मुळ्या घेऊन याच आठवड्यात केगावला जा. शास्त्रज्ञ सांगतील तेवढंच औषध, तेवढ्याच प्रमाणात. आणि वडिलांना आज रात्री खरं सांग, की डाळिंब चुकीच्या तुकड्यात लागलंय आणि यंदा त्याचा पैसा येणार नाही. त्यांना बाहेरून कळता कामा नये.

रविवारी सकाळी सात वाजता मी येतोय. नवा व्हॉल्व्ह बसलेला आणि दोन्ही खड्डे तयार दिसले पाहिजेत. कुदळ गड्याच्या हातात नको, तुझ्या हातात हवी.