आपलं म्हणजे कोणाचं?

लोणारच्या दैत्यसूदन मंदिरासमोर आमच्या उर्दू शाळेतल्या एका मुलाने विचारले, "सर, ये अपना है क्या?" मी घाईत म्हणालो, "नहीं बेटा, हाथ मत लगाओ." कोणी हात लावला नाही. पुढे पायवाटेने विवरात उतरताना तो प्रश्न कोणी काढला नाही. उल्केच्या आघाताने झालेला, जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंदीचा तो खड्डा कोणाचा, हे विचारायचे कोणाला सुचणार?

पुढच्या सहलीला मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडला गेलो. खुदावंद खान महदवीने १५८२ मध्ये बांधलेली मशीद दाखवताना मी अभिमानाने म्हणालो, "ये अपनी है." थोड्या वेळाने त्याच मुलाचे नाव दगडावर खिळ्याने कोरलेले दिसले. मी रागावलो, तर तो भाबडेपणाने म्हणाला, "अपनी है ना, सर!"

जर्मनीतल्या रोथेनबुर्ग या मध्ययुगीन गावाच्या तटावरही माणसांची नावे आहेत. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात तटाचा काही भाग पडला. तो पुन्हा उभारायला ज्यांनी पैसे दिले, त्यांची. त्यांत परदेशी लोकही आहेत. आमच्या मुलाचे नाव आणि ही नावे, दोन्ही दगडावरच.

वारशाला आपण अमानत म्हणतो. मीही वर्गात म्हणतो. पण अमानत मुळात दुसऱ्याची वस्तू असते. मग मंदिराबद्दलचे माझे "नहीं" जितके चुकले, तितकेच मशिदीबद्दलचे "अपनी" चुकले नाही का?

मुलाला शिक्षा केली नाही. कोणत्या तोंडाने करणार?