तुम्ही तरी समजून घ्या!

सोसायटीतल्या भांडणात पहिला बळी जातो तो समजूतदार माणसाचा. वरच्या फ्लॅटमधून पाणी गळतं, खालचा तक्रार करतो, आणि सेक्रेटरी त्यालाच बाजूला घेऊन सांगतात, ‘जाऊ द्या हो, तुम्ही तरी समजून घ्या. एकाच बिल्डिंगमध्ये राहायचंय.’ आवाज चढवणाऱ्याला हे सांगायची कुणाची छाती होत नाही. एकाने गिळायचं आणि बाकीच्यांनी सुटलो म्हणायचं, यालाच आपण मध्यस्थी समजतो.

दुसरा मार्ग कायद्याचा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 आणि सोसायट्यांचे आदर्श उपविधी यांनी तक्रारीची वाट आखून दिली आहे. आधी समितीकडे लेखी अर्ज. तिथे समाधान झालं नाही, तर विषय पाहून उपनिबंधक, महापालिका, पोलीस किंवा कलम 91 खाली सहकार न्यायालय. कागदावर चोख आहे, पण घोडं पहिल्याच पायरीवर अडतं. पार्किंग समितीनेच वाटलेलं असतं, मेंटेनन्सचं बिल तिनेच काढलेलं असतं आणि तक्रारदार मागच्या निवडणुकीत तिच्याविरुद्ध उभा राहिलेला असतो. पुढच्या पायऱ्यांवर तारखा पडतात; तोवर गिलावा खाली येतो.

तिसरा मार्ग खऱ्या मध्यस्थीचा. गळतीचंच घ्या. छताला आधी पिवळा डाग, मग पोपडे, मग खाली बादली. वरचे प्लंबरला आत घेत नाहीत म्हणून आडमुठे ठरतात. तिऱ्हाइताने निवांत बसून विचारलं, तर कधीकधी वेगळंच निघतं: बाथरूमच्या टाइल्स नुकत्याच बसवल्यात, आणि त्या फोडल्यावर पुन्हा बसवायचे पैसे कोण देणार, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. खालच्यालाही तोडफोडीत रस नसतो. त्याला पावसाळ्याआधी छत कोरडं हवं असतं. सामायिक पाइप सोसायटीचे, फ्लॅटच्या आतले सभासदाचे, हे उपविधींत आहेच. उरतं ते एवढंच, की पाणी येतं कुठून? ते तपासणारा माणूस दोघांनी मिळून ठरवला आणि खर्चाची वाटणी आधीच लिहून ठेवली, की बाथरूमचं दार उघडतं. मध्यस्थ निकाल देत नाही. मागणीच्या मागची अडचण तो समोर आणतो.

पण याही वाटेवर खड्डे आहेत. सिंगापूरमध्ये 1998 पासून सामुदायिक मध्यस्थी केंद्र चालतं. तिथलं एक जुनं प्रकरण 2011 मध्ये गाजलं. चीनहून आलेल्या कुटुंबाला शेजारच्या भारतीयांच्या करीचा वास सोसेना. तोडगा ठरला, की चीनहून आलेलं कुटुंब घरी नसेल तेव्हाच भारतीयांनी करी शिजवायची. लोक खवळले आणि एका रविवारी अनेकांनी मुद्दाम करी रांधली. मध्यस्थाने काही लादलं नव्हतं, असा खुलासा सरकारने केला. तरी प्रश्न उरतोच: स्वखुशीने दिलेल्या होकारातही ‘तुम्ही तरी समजून घ्या’ दडलेलं असू शकतं.

आपल्याकडे मध्यस्थी अधिनियम 2023 मध्ये वस्तीतल्या शांततेला बाधा आणणाऱ्या वादांसाठी सामुदायिक मध्यस्थीचं स्वतंत्र प्रकरण आहे. दोन्ही पक्षांची आधी संमती हवी, मध्यस्थ तीन, आणि झालेला समझोता न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येत नाही. वरवर पाहता हे बिनदाताचं वाटतं. पण बजावणीची सोय नसल्यामुळेच तोडगा दोघांनाही पाळावासा वाटेल असा काढावा लागतो. दटावून सही घेतली, तर महिन्याभरात भांडण पुन्हा दारात. असं दडपण बक्षिसामुळेही येऊ शकतं. महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2007 ला सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेत तंटे मिटवणाऱ्या गावांना पुरस्कार होते. तंटे मिटवण्याचे गुण मिळू लागले, की दुबळ्यावर दडपण येण्याचा धोका वाढतो.

म्हणून दोन पथ्यं पाळावीत. मध्यस्थ आपल्या सोसायटीचा नसावा. एकाच गल्लीतल्या चार सोसायट्यांनी आपली जाणती माणसं एकमेकांना द्यावीत. त्यांना ना इथलं पार्किंग हवं असतं, ना मत. दुसरं, हक्काचा प्रश्न मध्यस्थीला नेऊ नये. धर्म किंवा जात पाहून भाडेकरू नाकारला, घरकामाच्या बाईला लिफ्ट बंद केली, तर तिथे मध्यस्थ बोलावणं म्हणजे माणसाच्या प्रतिष्ठेची घासाघीस. वास, आवाज, गळती, मुलांचा खेळ, कुत्र्याचं भुंकणं यांसाठी मात्र आधी एकदा समोरासमोर बसावं. नाहीच जमलं, तर कायद्याचं दार उघडं आहेच.