गजऱ्यातला कारखाना

कल्याणच्या बाजार समितीतल्या फूल बाजारात भल्या पहाटे हिरवट-पांढऱ्या, घट्ट मिटलेल्या मोगऱ्याच्या कळ्या वजनावर विकल्या जातात. तेव्हा त्या नाकाशी धरल्या तर फारसं काही हाती लागत नाही. त्याच कळ्या ओल्या फडक्याखाली दिवस काढतात आणि संध्याकाळी डोंबिवली स्टेशनाबाहेर गजरा होऊन अशा दरवळतात की लोकलमधून उतरलेल्या माणसाची मान आपोआप वळते.

मधल्या बारा-चौदा तासांत हा वास आला कुठून?

मोगरा वास साठवून ठेवत नाही, उमलताना घडवतो. फेनिलअलानिन या अमिनो आम्लापासून पाकळीतली विकरं टप्प्याटप्प्याने बेंझिल ॲसिटेट बनवतात, दुसऱ्या वाटेने लिनालूल तयार होतं. जोडीला किंचित इंडोल. हाच इंडोल निव्वळ हुंगला तर डांबराच्या गोळ्या आठवतात. मोगऱ्याला मोगरेपण येतं ते मात्र त्याच्याशिवाय नाही. झाडापासून तुटली तरी कळीचं हे काम थांबत नाही. चीनमध्ये याच कळ्या रात्री चहाच्या पत्तीत मिसळतात आणि उमलत्या फुलांचा वास चहात मुरवतात.

वास नुसता पाझरून बाहेर पडतो, असं बराच काळ मानलं जाई. 2017 मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी पिटुनियाच्या फुलात दाखवलं, की पेशीच्या पटलातलं एक प्रथिन तो बाहेर ढकलतं. हे प्रथिन कमी केलं तेव्हा वास आतच तुंबला आणि पटलाला इजा करू लागला.

डोंबिवलीकराला रसायनांचे कारखाने नवे नाहीत. बेंझिल ॲसिटेट कारखान्यातही बनतं, पण तिथे आम्ल लागतं, आच लागते. कळी हे काम पाटीत पडल्या पडल्या करते. तिचं भांडवल म्हणजे झाडाकडून मिळालेली साखर आणि फडक्याचा ओलावा.

हे भांडवल लवकर सरतं. शेजारी ओवलेली अबोली बिनवासाची, पण तिचा रंग मोगऱ्यापेक्षा जास्त टिकतो. बुके बांधायच्या लांब दांड्याच्या गुलाबांची निवडही टिकाऊपणा पाहून होत गेली आणि पुष्कळांचा वास मागे राहिला. 2015 मध्ये फ्रेंच संशोधकांना गुलाबात वास घडवणारं एक विकर सापडलं. कमी वासाच्या गुलाबांत त्याचं जनुक जवळजवळ गप्पच होतं.

हळदीकुंकवासाठी आदल्या दिवशी आणलेला गजरा बायका डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवतात. गारठ्याने विकरं मंदावतात, कळ्या मिटलेल्याच राहतात. दुसऱ्या दिवशी गजरा केसांत माळला की तासाभरात त्या उमलू लागतात.